आधी रगात बघू

वनिताने माझी ओळख करून घेतली ती माझी खालची पापणी अंगठ्याने ओढून. मी नुकतीच कसबा बावड्याच्या शाळेत बदलून आले होते, सामान लावून लावून दमले होते आणि शेजारच्या गोठ्यावर दुधाचा रतीब लावायला गेले होते. म्हशीखालून एक उंच, गोरी, तिशीला टेकलेली बाई उठली, पदराला हात पुसले आणि अगदी तोंडासमोर येऊन म्हणाली, "वर बघा." पोरींना फळ्याकडे बघा म्हणण्यात जन्म गेलेली मी निमूट वर बघितलं. गालावर अंगठा आला, पापणी खाली गेली आणि ती आत वाकून बघत राहिली.

"रगात कमी हाय तुमचं," ती म्हणाली. "दूध किती घालू?"

मी चिडले होते, पण दूध चांगलं होतं, म्हणून रतीब लावला. पुढे कळलं की ही वागणूक काही खास माझ्यासाठी नव्हती. गल्लीतल्या प्रत्येकाची पापणी तिने एकदा तरी ओढलेली होती. पेपरवाला, सिलिंडरवाला, माहेरपणाला आलेल्या लेकी, त्यांची तान्ही पोरं. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून तिच्या दारात उभा राहिला, तर तिने त्याचीही ओढली. "पावणं, तुमचं झ्याक हाय," म्हणाली, "निवडून आलासा तर जरा दवाखान्यातल्या रक्ताचं बघा." तो बिचारा हसत हसत पुढच्या दारी गेला.

"आधी रगात बघू," हे तिचं पालुपद. कुणाचं पोर दमतं, कुणाला दिवस गेले, कुणाचं लग्न ठरलं, तिचं एकच. पत्रिका छान जुळली म्हणून कुणी पेढे घेऊन आलं तर पेढा तसाच हातात धरून ती विचारायची, "रगात जुळतंय का बघितलासा?" तोंड गोड करायला आलेलं माणूस तोंड वाकडं करून जायचं. लोक तिला टाळत. सुरुवातीला मीही टाळलं, कारण गळ्यात पडून भलं करणाऱ्या माणसांचं मला वावडं आहे.

ती हळू बोलत नसे. हळू बोलणं म्हणजे तिच्या मते चोरी. चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती "बाई, मी आलो हां" म्हणत जिना चढायची. इथल्या बायका स्वतःबद्दल आलो-गेलो असंच बोलतात, आणि तिच्या तोंडी ते शोभायचंही. खुर्चीवर कधी बसली नाही. उंबऱ्याशी उकिडवी बसून, माझ्याशी बोलता बोलता माझीच मेथी निवडून द्यायची. शिक्षण बारावीपर्यंत. परीक्षेच्या आधी हळद लागली आणि ते तसंच राहिलं.

हळद लागली ती सख्ख्या आत्याच्या घरची. आमच्या या भागात सून सासूला आत्याच म्हणते, नातं असो वा नसो. वनिताची सासू मात्र खरोखरची आत्या, तिच्या वडिलांची थोरली बहीण. मामाची पोरगी म्हणजे भाच्याचा हक्क, असं इथे चालत आलेलं. या घराला त्याशिवाय आणखी एक अभिमान होता, तो रंगाचा. वनिताचे आजोबा गोरे, वडील गोरे, आत्या गोऱ्या, आणि आत्यांचा संभा तालमीच्या लाल मातीत लोळूनही गोराच. "आमच्या घरचा रंग हाय त्यो," आत्या सांगायच्या, "भाईर कशाला घालवायचा?" म्हणून त्यांनी भावाची लेक सून करून आणली.

तो नुसता रंग नव्हता. त्या घरात रक्तच फिकं होतं, आणि ते आजोबांपासून लेकाला-लेकीला, त्यांच्यापासून पुढे वनिताला आणि संभाला आलं होतं. डॉक्टर त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. एकट्या माणसाला त्याचा फारसा त्रास नसतो. जरा लवकर दमतो, जरा फिका दिसतो, आणि आपल्यात काही आहे हे त्याला कळतही नाही. पण नवरा-बायको दोघांत तो दोष असला तर पोराच्या वाट्याला दोन्हीकडून येऊ शकतो. तसं झालं की त्या पोराच्या अंगात धड रक्त तयार होत नाही, जन्मभर दुसऱ्याचं चढवावं लागतं. वनिताच्या पहिल्या मुलीच्या, ईश्वरीच्या वाट्याला दोन्हीकडून आलं.

ही गोष्ट वनिताने मला एका दुपारी शेंगा फोडता फोडता सांगितली. ईश्वरी सहा महिन्यांची झाली आणि पांढरी पडायला लागली. आत्यांना आनंद झाला, घरचा रंग पोरीत आला म्हणून. मग पोट फुगलं. पोर पाऊल टाकायला मागेना. जवळच्या एका डॉक्टरने लोहाचं औषध दिलं आणि घरच्यांनी त्याला हातभार लावला. बीट, खजूर, डाळिंब, गुऱ्हाळावरचा काळा गूळ, बकऱ्याच्या कलेजीचं पाणी.

"जेवढं लाल दिसंल तेवढं घातलं बाई तिच्या पोटात," वनिता म्हणाली. "आन् दवाखान्यात म्हनाले, लोह हिला उलट बाधतंय. जे नगं हुतं त्येच आमी भरवत हुतो." तिचा आवाज खाली आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

निदान झाल्यावर ईश्वरीला रक्त चढवणं सुरू झालं. संभाच्या तालमीतली पोरं एकेक करून रक्त देऊन आली. संभा त्यांना गाडीवरून न्यायचा, आणायचा, नाश्ता घालायचा. स्वतः मात्र "माझा गट जुळत न्हाय" म्हणून बाहेर उभा राहायचा. पुढच्या वेळी कधी न्यायचं हे वनिता पोरीच्या पापणीवरून ओळखायची. लाल होती तोवर घरी, पांढरी झाली की दवाखाना. अंगठ्याला ती सवय तिथून लागली. ईश्वरी पाच वर्षांची असताना तापाचं निमित्त होऊन गेली, आणि सवय तेवढी राहिली.

"मला पोर पायजे बाई," शेंगांची टरफलं सुपात गोळा करत ती म्हणाली. "पर मराय न्हाय पायजे."

एवढंच तिचं मागणं होतं आणि त्याच्यासाठी काय करायचं ते ती सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडून पाठ करून आली होती. आधी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासायला पाठवायचं, आणि दोघांत नेमका कुठला दोष आहे तो शोधून ठेवायचा. मग दिवस राहू द्यायचे. तिसऱ्या महिन्यात पुण्याला जायचं, तिथे सुईने गर्भाच्या वारेचा एवढासा तुकडा काढून बघतात, पोराला दोन्हीकडून आलंय का. आलं असेल तर काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. पण आधीची तपासणी नसली तर तिसरा महिना धावपळीतच निघून जातो. म्हणजे सगळी तयारी येऊन अडली होती संभाच्या एका नळीभर रक्तापाशी.

आणि संभा रक्त देत नव्हता.

संभा वाईट माणूस नव्हता हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. एवढा मोठा गडी, पण आवाज मऊ. म्हशीलाही कधी काठी उगारली नाही. बायको रस्त्यात कुणाची पापणी ओढायला लागली की हा बाजूला उभा राहून त्या माणसाची माफी मागायचा. पण तपासणीचं नाव काढलं की उठून तालमीत जायचा. "ईशूचं देवाच्या मनात हुतं," म्हणायचा. "मला काय धाड भरलीया? रोज जोर मारतोय मी." रक्तात दोष आहे म्हणणं म्हणजे त्याला अंगातल्या रगीत दोष आहे म्हटल्यासारखं वाटायचं.

आत्या तर त्याच्या पुढे होत्या. चारांत एका पोराला हा आजार होण्याची शक्यता असते, असं डॉक्टरीणबाई बोलून गेल्या होत्या. आत्यांनी त्याचा सोयीचा हिशेब मांडला. "चारातलं एक वंगाळ हुतं, ते गेलं. आता तीन चांगली. मग रगात कशाला काढायचं?"

"आत्या, म्हशीला एकदा रेडा झाला म्हनून पुढल्या सगळ्या खेपंला रेडीच हुतीया व्हय?" वनिता म्हणाली. "दर खेपंला नवा खेळ असतोय."

आत्यांना हे पटलं असावं, कारण त्या आणखीच चिडल्या.

दोन वर्षं अशी गेली. वनिताची तिशी उलटली, शेजारणींच्या नजरा पोटावरून फिरू लागल्या. तिने उपास केले, पन्हाळ्याच्या वाटेवरच्या कुठल्याशा देवाला नवस बोलली. संभाशी भांडली, त्याच्या पाया पडली. एकदा माझ्याकडे आली, दार लावून घेतलं आणि चक्क हळू आवाजात विचारलं, "बाई, झोपंत काढलं तर चालतंय का वो? त्येची झोप लई गाढ हाय." मी हसले. ती हसत नव्हती. ओच्यातून तिने म्हशीला टोचायची सुई काढून दाखवली. ती सुई मी तिच्याकडून काढून घेतली.

"दुसऱ्या कुनाचंबी पोर चाललं असतं मला," ती म्हणाली. "डॉक्टरीन म्हनली, भाईरचा नवरा असता तर भ्याच नव्हतं. रस्त्यावरचा कुनीबी. निस्ता ह्योच चालत न्हाय. आन् मला ह्योच आवडतोय, त्येला काय करू?"

मी भूगोल शिकवते. तिला चहा करून दिला आणि तो तिने न पिता तसाच ठेवला.

त्या दिवाळीनंतर वनिताने अंथरूण गोठ्यात टाकलं. भाऊबीज झाली, पाहुणे गेले आणि ती वाकळ-उशी घेऊन म्हशींच्या शेजारी जाऊन झोपली. लपून नाही. तिच्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं संभाला सांगून. "रगात देस्तवर मी हितंच. न तपासता मला दिवस जायाला नगंत." बावड्यात याच्यापेक्षा मोठी बेअब्रू दुसरी नाही. संभाने तालमीत जाणं सोडलं, कारण तिथे पोरं तोंडावर काही बोलत नव्हती पण गप्पही होत नव्हती. आत्या माझ्याकडे येऊन रडल्या. "बाई, तुमी शिकल्याल्या. सांगा की तिला. ल्योक माझा सन्याशी झाला." मी म्हटलं, तुमच्या लेकाला सांगा, एक नळी भरायला मिनिट लागतं. तेव्हापासून आत्या माझ्याशीही बोलेनाशा झाल्या.

लोकांना तो हट्ट वाटला. मी मात्र पहाटे दूध आणायला जायची तेव्हा तिचा चेहरा बघायची. थंडीने ओठ फुटलेले, डोळे सुजलेले. वैरणीच्या गव्हाणीवर कपाळ टेकून ती बसलेली असायची, आणि म्हैस तिच्या डोक्यावरून उसाचं हिरवं वाडं ओढून खात असायची. उठायची, चरवी घ्यायची, धारेला बसायची. एकदा म्हणाली, "जिकणार न्हाय बघा मी. त्यो बी हारनार न्हाय. आन् माझं वय निघून जानार." आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

कोंडी फुटली ती म्हशीमुळे. चंपा नावाची त्यांची एक म्हैस माजावर आली होती आणि डेअरीचा माणूस तिला इंजेक्शनने भरवायला आला होता. मी किटली घेऊन दारात उभी होते. आत्या बाजूला. त्या माणसाने पेटी उघडली, कुठल्या रेड्याचं बी आहे ते सांगितलं आणि आत्या एकदम ओरडल्या.

"त्येचं नगं. ही चंपा त्येच्यापासनंच झालीया. बापाचं लेकीला घालतासा व्हय? रेडकू लुळंपांगळं निपजंल. दुसरं काढा."

तो माणूस "बरं" म्हणून दुसरी नळी काढायला लागला. गव्हाणीत वाडं टाकत असलेली वनिता तिथेच थांबली. ती ओरडली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आत्या, म्हशीचं इचारलासा. माझं कुनी इचारलं?"

डेअरीच्या माणसाने आपलं काम उरकलं, हात धुतले आणि तो निघून गेला. आत्या तिथेच उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या आणि दिवसभर दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून गोठ्यात आल्या. "चल," वनिताला म्हणाल्या. "माझं काढ म्हनावं आधी. माझ्यातनंच आलं असंल तर बघू तरी." वनिता शेणाच्या हातांनी तशीच उभी राहिली. ओट्यावर दात घासत बसलेला संभा हे सगळं बघत होता. त्याने चूळ भरली, आत गेला, शर्ट घालून बाहेर आला आणि गाडी काढायला लागला. आईचं रक्त काढलं जाईल आणि आपण ओट्यावर बसू, हे त्याच्याने झालं नाही.

वाटेत त्याने जे सांगितलं ते वनिताने मला संध्याकाळी येऊन सांगितलं. तालमीच्या रक्तदान शिबिरात त्याला कितीतरी आधीच परत पाठवलं होतं, रक्त कमी भरतं म्हणून. पैलवानाचं रक्त कमी. तो कुणाला बोलला नाही. ईशूच्या वेळी गट जुळत नाही म्हणत होता ते त्यासाठीच.

"त्येला ठावं हुतं बाई," वनिता म्हणाली. मला वाटलं आता ती त्याला शिव्या घालेल. पण ती रडायला लागली. "एकटाच भीत बसला एवढी वर्सं."

तपासण्या होऊन आल्या. तिघांतही तोच दोष, एकाच घराण्यातून आलेला. आत्या म्हणाल्या, "म्हंजे मी आनलं की ह्ये घरात." वनिता म्हणाली, "तुमी कुटलं? आज्ज्यानं आनलं. आन् आज्ज्याला कुनी दिलं ते कुनाला ठावं?" त्या रात्री तिचं अंथरूण घरात गेलं. तिच्या ताटाशेजारी आता फॉलिक ॲसिडची गोळी असायची. लोहाच्या गोळीला मात्र रक्तातलं लोह तपासल्याशिवाय ती हात लावायला तयार नव्हती, कुणी कितीही आग्रह केला तरी.

दिवस राहिले. हे मला तिने सांगितलं नाही, माझं मी ओळखलं. धारेला बसताना ती एक हात मांडीवर टेकून बसायला लागली होती. मी काही बोलणार तेवढ्यात तिने बोट वर केलं. "अजून काय न्हाय. पुन्यास्नं आल्यावर बोलायचं." तिने घरात तसा नियमच करून टाकला. पोटाबद्दल कुणी बोलायचं नाही, नाव काढायचं नाही, कुठला महिना ते मोजायचं नाही. त्याला ती "पोर" म्हणत नव्हती, "दिवस" म्हणत नव्हती, नुसतं "तारीख" म्हणायची. तारीख आली की जायचं. आत्यांनी गुपचूप मऊ जुन्या लुगड्याच्या घड्या काढून ठेवल्या होत्या, दुपट्यासाठी. वनिताच्या ते लक्षात आलं, तसं तिने त्या परत पेटीत घातल्या.

पुण्याला आम्ही तिघी गेलो. ती, आत्या आणि मी. संभा म्हशींचं निमित्त सांगून मागे राहिला. दवाखान्यात तिथल्या बाईंनी सांगितलं की मुलगा का मुलगी ते इथे सांगत नाहीत. "कुनी इचारलंय?" वनिता म्हणाली. "रगात तेवढं सांगा." सुईच्या वेळी तिने माझा हात धरला आणि तिच्या त्या धारा काढणाऱ्या बोटांनी माझी बोटं मोडतील असं वाटलं.

निकालाचा फोन काही दिवसांनी भर दुपारी आला. ती चंपाला धूत होती. फोन कानाला, दुसऱ्या हातात पाण्याचा पाइप. "व्हय... व्हय... समजलं," एवढंच बोलली. पाइप तसाच वाहत राहिला.

दोन्हीकडून आलं होतं.

पुन्हा पुण्याला गेलो. या वेळी कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. कुणी तिला भाग पाडलं नाही. संभा म्हणाला, तू म्हणशील तसं. आत्या म्हणाल्या, तू म्हणशील तसं. ती म्हणाली, "ईशूला सुया टोचताना मी धरून बसत हुतो. दुसऱ्याला धरनार न्हाय." येताना गाडीत ती खिडकीला डोकं लावून बसली होती. कराड मागे पडल्यावर विचारलं, "बाई, मारलं म्हनायचं का वाचवलं म्हनायचं?" मी तिच्या अंगावर शाल ओढली.

गल्लीने आपलं उत्तर तयारच ठेवलं होतं. मुलगी होती म्हणून पुण्याला जाऊन पाडून आल्या. हे दळणाच्या गिरणीत एक बाई बोलली आणि आत्यांच्या कानावर आलं. मी तेव्हा तिथे होते. आत्यांनी डबा खाली ठेवला, त्या बाईसमोर गेल्या आणि स्वतःच्या हाताने स्वतःची पापणी खाली ओढली. "ह्ये बघ. पांढरं हाय का न्हाय? माझ्यापासनं आलंय ह्ये. माझ्या सुनंला एक सबूद बोलायचा न्हाय. काय बोलायचं ते मला बोल." गिरणीचा पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं, आणि आत्या तशाच पापणी धरून उभ्या होत्या. मला आत्यांचा आधी फार राग यायचा. त्या दिवसापासून आला नाही.

वनिता मात्र विझली. पहाटेची धार संभा काढायला लागला. ती ओट्यावर बसून राहायची. गल्लीतली पोरं समोरून जायची, पांढरी, लाल, कशीही. ती कुणाला बोलवायची नाही. पत्रिका जुळल्याचे पेढे यायचे, ती ते मुकाट्याने खायची. तिचा आवाज नसलेली ती गल्ली मला सहन होईना. एकदा मीच जाऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, बघ माझं. तिने बघितलं नाही. "लाल असंल नायतर पांढरं असंल," म्हणाली, "बघून काय हुतंय बाई?"

मग माझी बदली झाली आणि मी उचगावला राहायला गेले. फार लांब नाही, पण रोजचं जाणं-येणं तुटलं. फोन व्हायचे. ती म्हशींचं सांगायची, मी शाळेचं. त्या एका गोष्टीबद्दल आम्ही बोलत नव्हतो.

गेल्या आठवड्यात मी साताऱ्याला जायला स्टँडवर गेले होते. पुण्याच्या गाडीपाशी संभा दिसला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने वनिताचा दंड धरलेला, जसं दंगा करणारं जनावर धरावं तसा घट्ट. ती वाळली होती. केसांत पांढरं दिसत होतं. मला बघून ती हसली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तारीख हाय." म्हशी कुणाकडे, असं मी विचारलं, तर आत्या बघताहेत म्हणाली, संभाने या वेळी ऐकलं नाही, मीच येतो म्हणाला. संभा मान खाली घालून उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

"निकाल लागला की मीच फोन करतो," ती म्हणाली. "तुमी करू नगासा. फोन वाजला की माझं काळीज थांबतंय." तिचा फोन अजून आलेला नाही. मी करणार नाही.

गाडीत माणसं चढायला लागली. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. म्हणून म्हटलं, "बरं झालं वनिता, या वेळी दोघं चाललाय."

"तिघं," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मागच्या वेळी तिने त्याचं नावही काढू दिलं नव्हतं. संभानेही चमकून तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्या हातातून दंड सोडवून घेतला, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळून, स्टँडवरच्या साऱ्या गोंगाटात मला ऐकू येईल अशा तिच्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"तिघं चाललोय बाई. येताना किती असू ते म्हाईत न्हाय. पर मागल्याला मी मोजलंबी नव्हतं, ते तसंच गेलं. ह्येला जाताना तरी मोजतो की."